भूसंपादनाधिकार व त्याच्या मर्यादा

सार्वजनिक प्रयोजनासाठी खाजगी मालकीची जमीन किंवा अन्य स्थावर मालमत्ता, मालकाची संमती नसतानाही, भरपाई देऊन आपल्याकडे घेण्याचा शासनाचा अधिकार म्हणजे भूसंपादनाधिकार होय. हा अधिकार राज्यसंस्थेच्या सार्वभौमत्वातूनच उद्भवतो, असे सामान्यतः मानले जाते. करआकारणीहून तो वेगळा आहे. कारण कर सर्वांवर एका प्रमाणात बसतो, तर संपादनाचा भार ज्याची जमीन रस्त्याच्या वा धरणाच्या आड येते त्या एकट्यावर पडतो. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता इत्यादींसाठी मालमत्तेच्या वापरावर घातल्या जाणाऱ्या निर्बंधांहूनही तो भिन्न आहे. कारण निर्बंधांत मालकी कायम राहते, संपादनात ती संपुष्टात येते. ठराविक मुदतीपुरता ताबा घेणे म्हणजे अधिग्रहण. त्यातही मालकी मूळ मालकाकडेच राहते.

या अधिकारावर बहुतेक देशांत चार प्रकारच्या मर्यादा आढळतात : (१) संपादन कायद्याच्या आधारेच झाले पाहिजे, (२) ते सार्वजनिक प्रयोजनासाठी असले पाहिजे, (३) मालकाला भरपाई मिळाली पाहिजे, आणि (४) निर्णयापूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. या चारही मर्यादा एकाच वेळी निर्माण झालेल्या नाहीत. त्यांचा इतिहास म्हणजे ‘सार्वजनिक’ काय हे कोणी ठरवावयाचे, आणि समाजाच्या हिताची किंमत कोणी व किती मोजावयाची, या दोन प्रश्नांचा इतिहास होय.

प्राचीन भारतीय विचार : भूमीचा स्वामी राजा की प्रजा, हा वाद भारतीय शास्त्रकारांना अपरिचित नव्हता. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्वाचे दान करावयाचे असते. तेव्हा राजाने यज्ञ केल्यास त्याने पृथ्वीचेही दान करावे काय, असा प्रश्न जैमिनीच्या मीमांसासूत्रांत उपस्थित केला आहे. भूमी सर्वांना सारखीच असल्याने तिचे दान करता येत नाही, असा तेथील निर्णय आहे. पश्चिम भारतात प्रमाण मानल्या गेलेल्या व्यवहारमयूख या सतराव्या शतकातील ग्रंथात नीलकंठभट्टांनी हाच विचार पुढे नेला. जिंकलेल्या प्रदेशात राजाला पराभूत राजाची स्वतःची घरे व शेते तेवढी मिळतात. इतरांच्या जमिनींवर त्याचा अधिकार करवसुलीपुरताच असतो, असे मत त्यांनी मांडले.

कल्हणाच्या राजतरंगिणीत काश्मीरच्या कर्कोट वंशातील चंद्रापीड या आठव्या शतकातील राजाची एक कथा आहे. देवालयाच्या नियोजित जागेत एका चर्मकाराची झोपडी येत होती आणि तो ती सोडावयास तयार नव्हता. अधिकाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा राजाने दोष त्यांनाच दिला. त्या माणसाला आधी न विचारता काम सुरू का केले, असे विचारून बांधकाम थांबविण्यास सांगितले. राजाला राजवाडा तशी आपल्याला ही झोपडी, असे चर्मकाराने सांगितले. मात्र राजाने स्वतः घरी येऊन मागणी केल्यास ती देऊ, असेही तो म्हणाला. राजा त्याच्या दारी गेला आणि मोल देऊन त्याने ती जागा विकत घेतली. कथेचा ऐतिहासिक तपशील कसाही असो. बाराव्या शतकातील ग्रंथकाराने ही घटना आदर्श राजधर्माचे उदाहरण म्हणून नोंदविली, ही गोष्ट लक्षणीय आहे. संमती, भरपाई व प्रतिष्ठा हे तिन्ही घटक या कथेत एकत्र आलेले दिसतात.

पाश्चात्त्य संकल्पनेचा विकास : इंग्लंडमधील १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेने देशाच्या कायद्याखेरीज स्वतंत्र नागरिकाची मालमत्ता हिरावून घेण्यास बंदी केली. डच न्यायविद ह्यूगो ग्रोशिअस याने १६२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युद्ध व शांतता यांच्या कायद्यावरील ग्रंथात राज्याच्या या वरिष्ठ अधिकाराला तात्त्विक रूप दिले. तथापि तो वापरताना लोकहित हे कारण असावे व शक्य तेथे नुकसान भरून द्यावे, अशी जोडही त्याने दिली. फ्रान्समधील १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील सतराव्या कलमाने संपत्तीचा हक्क पवित्र ठरविला आणि कायद्याने सिद्ध झालेली सार्वजनिक गरज व न्याय्य, आगाऊ भरपाई या अटींवरच तो काढून घेता येईल, असे घोषित केले. अमेरिकेच्या संविधानातील पाचव्या दुरुस्तीने (१७९१) सार्वजनिक उपयोग व न्याय्य भरपाई या दोन अटी घातल्या. प्रारंभी त्या केवळ संघराज्य शासनाला लागू होत्या. १८९७ पासून घटक राज्यांवरही भरपाईचे बंधन आले.

इंग्लंडमध्ये लिखित संविधान नसल्याने हे संरक्षण संसदेच्या अधिनियमांतून व न्यायालयांनी केलेल्या अर्थविवरणातून आले. पहिल्या महायुद्धात लंडनमधील एक हॉटेल शासनाने ताब्यात घेतले, त्यावरून उद्भवलेल्या डी कीझर खटल्यात (१९२०) हाउस ऑफ लॉर्ड्‌सने असा निर्णय दिला, की अधिनियमात भरपाईची तरतूद असताना राजसत्तेच्या विशेषाधिकाराचा आधार घेऊन ती टाळता येणार नाही.

अमेरिकेत ‘सार्वजनिक उपयोग’ या शब्दांचा अर्थ विसाव्या शतकात क्रमाने व्यापक होत गेला. न्यू लंडन या शहराने आर्थिक पुनर्विकासासाठी घेतलेली घरे खाजगी विकासकाच्या उपयोगी पडणार असली, तरी ते संपादन वैध ठरते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने केलो खटल्यात २००५ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी ठरविले. या निर्णयाविरुद्ध तीव्र लोकमत उमटले आणि अनेक राज्यांनी आपले कायदे बदलून अशा संपादनावर निर्बंध घातले. न्यायालयाने सैल केलेली मर्यादा विधिमंडळांनी पुन्हा आवळल्याचे हे उदाहरण होय.

ब्रिटिशकालीन भारत : बंगाल इलाख्यातील १८२४ चा पहिला विनियम हा भारतातील या विषयावरील आरंभीचा कायदा होय. रस्ते, कालवे व इतर सार्वजनिक कामे यांसाठी जमीन घेण्याची तरतूद त्यात होती. मुंबई व कुलाबा या बेटांसाठी १८३९ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला. लोहमार्गांची बांधणी सुरू होण्याच्या सुमारास, १८५० मध्ये, लोहमार्ग हे सार्वजनिक काम असल्याचे कायद्याने घोषित करण्यात आले. सर्व ब्रिटिश मुलखाला लागू होणारा पहिला अधिनियम १८५७ चा. त्यात भरपाईचा वाद लवादाकडे सोपविला जाई आणि लवादाचा निर्णय अंतिम असे. परंतु लवादांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्याने १८७० च्या अधिनियमाने हे वाद दिवाणी न्यायालयाकडे नेले.

त्यानंतरचा १८९४ चा भूमिसंपादन अधिनियम १ मार्च १८९४ रोजी अंमलात आला आणि जवळजवळ १२० वर्षे टिकला. प्राथमिक अधिसूचना, प्रयोजनाची घोषणा, संबंधितांना नोटीस, जिल्हाधिकाऱ्याचा निवाडा आणि तो मान्य नसल्यास न्यायालयाकडे संदर्भ, असे त्याचे टप्पे होते. बाजारभाव आणि संपादन सक्तीचे असल्याबद्दल त्यावर शेकडा १५ जादा रक्कम (दिलासा रक्कम) मालकाला मिळे. मात्र प्रयोजन सार्वजनिक असल्याची शासनाची घोषणा हाच त्याबाबतचा निर्णायक पुरावा मानला जाई. म्हणजे ‘किती’ या प्रश्नावर न्यायालयात दाद मागता येत असे; ‘कशासाठी’ या प्रश्नावर जवळजवळ नाही. मूळ अधिनियमात हरकत घेण्याचीही सोय नव्हती. ती १९२३ च्या दुरुस्तीने (कलम ५-अ) आली.

‘सार्वजनिक प्रयोजन’ या संज्ञेचा महत्त्वाचा न्यायनिर्णय मुंबईतूनच झाला. मलबार हिलवरील भाडेपट्ट्याच्या जमिनी शासकीय अधिकाऱ्यांच्या निवासासाठी सरकारने परत मागितल्या. अधिकाऱ्यांची घरे हे सार्वजनिक प्रयोजन नव्हे, असे पट्टेदारांचे म्हणणे होते. हमाबाई फ्रामजी पेटिट खटल्यात (१९१४) प्रिव्ही कौन्सिलने सरकारच्या बाजूने निर्णय दिला. तथापि सरकारचे मत वजनदार असले, तरी ते अंतिम नाही, हे तत्त्वही त्याच निर्णयात मान्य झाले. व्यक्तिविशेषांच्या नव्हे, तर समाजाच्या सर्वसाधारण हिताशी ज्याचा प्रत्यक्ष व निकट संबंध आहे, ते सार्वजनिक प्रयोजन, ही न्यायमूर्ती बॅचलर यांची मुंबई उच्च न्यायालयातील व्याख्या त्यात स्वीकारण्यात आली. पुढील अनेक निर्णयांत ती आधारभूत ठरली.

मुळशी सत्याग्रह : १८९४ च्या अधिनियमात खाजगी कंपन्यांसाठी जमीन संपादन करण्याची स्वतंत्र तरतूद होती. पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून मुंबईला वीज पुरविण्याची टाटा कंपनीची योजना या तरतुदीच्या आधारे पुढे आली. तीत मावळातील भातशेतीची सुपीक खाचरे व अनेक गावे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी कामाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होत. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली. १९२४ पर्यंत हा लढा निरनिराळ्या स्वरूपांत चालला. बापटांसह अनेकांना कारावास भोगावा लागला, आणि अखेर धरण बांधले गेले.

भूसंपादनाच्या इतिहासात मुळशीचे महत्त्व दोन कारणांनी आहे. पहिले असे, की एका नफा मिळविणाऱ्या कंपनीचा प्रकल्प ‘सार्वजनिक’ म्हणावा काय, हा प्रश्न भारतात प्रथमच लोकचळवळीच्या पातळीवर विचारला गेला. दुसरे कारण भरपाईच्या स्वरूपाशी निगडित आहे. मुळशी पेट्यातील पुष्कळ जमीन कर्जापायी पुण्यातील सावकारांच्या नावावर गेली होती आणि कसणारा शेतकरी त्यांचे कूळ झाला होता. कायद्याप्रमाणे भरपाई मुख्यतः मालकाची. तेव्हा सावकारांना ती घेऊन मोकळे होण्यात हित दिसे, तर कुळांचे सर्वस्वच जाणार होते. मालकाला मोल मिळाले म्हणजे न्याय झाला, या गृहीतकातील उणीव त्यामुळे उघड झाली. ती कायद्याने मान्य होण्यास पुढे नऊ दशके जावी लागली.

संविधान व मालमत्तेचा हक्क : १९३५ च्या भारत सरकार अधिनियमातील कलम २९९ ने कायद्याचा आधार व भरपाई या दोन्ही अटी घातल्या होत्या. संविधान सभेत या विषयावर सप्टेंबर १९४९ मध्ये प्रदीर्घ चर्चा झाली. जमीनदारी नष्ट करावयाची तर जमीनदारांना पूर्ण बाजारभाव देणे शक्य नाही, आणि भरपाईचे तत्त्व सोडले तर सामान्य नागरिकाचे संरक्षणच जाते, असा हा पेच होता. अखेर अनुच्छेद १९ (१) (च) अन्वये मालमत्ता धारण करण्याचा आणि अनुच्छेद ३१ अन्वये भरपाईचा मूलभूत हक्क देण्यात आला. जमीनदारी निर्मूलनाच्या काही कायद्यांना त्यातून सूट मिळाली.

त्यानंतरची अडीच दशके संसद व सर्वोच्च न्यायालय यांच्यातील संघर्षाची होत. बिहारचा जमीनदारी निर्मूलन कायदा पाटणा उच्च न्यायालयाने अवैध ठरविल्यावर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१-क व ३१-ख आणि नववी अनुसूची संविधानात घातली. पश्चिम बंगालमध्ये निर्वासितांच्या वसाहतीसाठी घेतलेल्या जमिनींची भरपाई १९४६ च्या अखेरच्या किंमतीपुरती मर्यादित करणारी तरतूद बेला बॅनर्जी खटल्यात (१९५३) रद्द झाली. भरपाई म्हणजे गमावलेल्या मालमत्तेचा न्याय्य मोबदला, असे न्यायालयाने म्हटले. यावर १९५५ च्या चौथ्या दुरुस्तीने भरपाईच्या पर्याप्ततेचा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवला. १९६९ मध्ये झालेले चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये अवैध ठरविले, तेव्हा १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने ‘भरपाई’ हा शब्द काढून ‘रक्कम’ हा शब्द योजला. केशवानंद भारती खटल्यात (१९७३) या दुरुस्तीचा हा भाग टिकला. मात्र संविधानाची मूलभूत चौकट संसदेलाही बदलता येणार नाही, हे तत्त्व त्याच निर्णयातून पुढे आले [→ मूलभूत हक्क].

या दुरुस्त्यांचा रोख मोठ्या जमीनमालकांवर होता, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३१-क ला एक परंतुक जोडले. त्यानुसार स्वतः कसत असलेली व कमाल धारणेच्या मर्यादेतील जमीन बाजारभावापेक्षा कमी भरपाई देऊन या अनुच्छेदाच्या संरक्षणाखालील कायद्याने घेता येत नाही. लहान शेतकऱ्याला दिलेले हे अभिवचन आजही संविधानात आहे.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद १९ (१) (च) व ३१ हे २० जून १९७९ पासून वगळण्यात आले. कायद्याने दिलेल्या अधिकाराखेरीज कोणाही व्यक्तीची मालमत्ता हिरावून घेतली जाणार नाही, असा अनुच्छेद ३००-क त्यांच्या जागी आला. मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही. तो सांविधानिक हक्क झाला. अनुच्छेद ३००-क मध्ये सार्वजनिक प्रयोजन व भरपाई हे शब्द नाहीत. तरीही या दोन्ही अटी त्यात अभिप्रेत आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने के. टी. प्लँटेशन खटल्यात (२०११) दिला.

विकासप्रकल्प व विस्थापन : स्वातंत्र्योत्तर काळात धरणे, कारखाने व नवी नगरे यांसाठी संपादनाचे प्रमाण पुष्कळ वाढले. तातडीच्या कलमाचा वापर करून हरकतींची सुनावणी टाळण्याची प्रथाही रूढ झाली. महाराष्ट्रातील औद्योगिक व निवासी विकासासाठी घेतलेल्या जमिनींसंबंधीच्या नारायण गोविंद गवाते खटल्यात (१९७६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रयोजन सार्वजनिक आहे एवढ्यावरून ते तातडीचे ठरत नाही. सुनावणी वगळण्याची गरज शासनाला दाखवून देता आली पाहिजे. १९८४ च्या दुरुस्तीने दिलासा रक्कम शेकडा ३० केली आणि निवाड्याला दोन वर्षांची मुदत घातली.

पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्येच केला. तथापि रोख रकमेने उपजीविका भरून निघत नाही, हा अनुभव कायम राहिला. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले व पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्यांना देण्याची योजना आली. जमिनीच्या वाढत्या किंमतीत मूळ मालकाचाही वाटा असतो, ही कल्पना त्यातून मान्य झाली.

पश्चिम बंगालमधील सिंगूर (२००६) व नंदिग्राम (२००७) येथील संघर्षांनी हा विषय राष्ट्रीय पातळीवर आणला. नंदिग्राम येथे १४ मार्च २००७ रोजी गोळीबारात चौदा जण ठार झाले. सिंगूर येथील मोटार कारखान्यासाठीचे संपादन सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द करून जमिनी परत देण्याचा आदेश दिला.

२०१३ चा अधिनियम : १८९४ चा अधिनियम रद्द करून उचित भरपाई, पारदर्शकता, पुनर्वसन व पुनर्स्थापना यांविषयीचा नवा अधिनियम संसदेने २०१३ मध्ये केला. तो १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आला. त्यातील प्रमुख मर्यादा अशा : सार्वजनिक प्रयोजनांची यादी अधिनियमातच दिली आहे, संपादनापूर्वी सामाजिक परिणामांचे मूल्यमापन करावे लागते, खाजगी कंपन्यांसाठी शेकडा ८० व सार्वजनिक-खाजगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी शेकडा ७० बाधित जमीनमालकांची पूर्वसंमती लागते, ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंतच्या गुणकाने गुणून येणाऱ्या रकमेवर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते, बहुपीक सिंचित जमीन अपवादात्मक परिस्थितीतच घेता येते. कुळे, शेतमजूर, कारागीर इ. मालक नसलेल्या परंतु त्या जमिनीवर उपजीविका अवलंबून असलेल्या कुटुंबांनाही पुनर्वसनाचा हक्क मिळाला. मुळशीत उघड झालेली उणीव अशा रीतीने तत्त्वतः दूर झाली.

या मर्यादा सैल करण्याचे प्रयत्न लवकरच झाले. केंद्र शासनाने डिसेंबर २०१४ मध्ये काढलेला अध्यादेश पुनःपुन्हा जारी होऊन ऑगस्ट २०१५ मध्ये व्यपगत झाला. त्यानंतर तमिळनाडू, गुजरात, तेलंगण इ. राज्यांच्या स्वतंत्र दुरुस्त्यांनी काही वर्गांतील प्रकल्पांना संमती व सामाजिक मूल्यमापन यांपासून सूट दिली. राष्ट्रीय महामार्ग, लोहमार्ग इत्यादींचे स्वतंत्र संपादन-कायदेही चालू राहिले. त्यांना नव्या अधिनियमाचे भरपाईचे व पुनर्वसनाचे निकष लागू झाले, संमतीचे मात्र नाहीत.

अलीकडील न्यायनिर्णय : हिमाचल प्रदेशातील एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी कोणतीही प्रक्रिया न करता घेण्यात आली होती. दीर्घकाळच्या ताब्यामुळे ती आपलीच झाली, हा राज्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळला आणि भरपाई देण्यास सांगितले. नागरिकांच्या जमिनीवर बेकायदा ताब्यातून मालकी सांगणे कल्याणकारी राज्याला शोभत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. कोलकाता महानगरपालिकेच्या खटल्यात (२०२४) त्याच न्यायालयाने अनुच्छेद ३००-क मध्ये सात उपहक्क अंतर्भूत असल्याचे सांगितले : नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, न्याय्य भरपाई, कार्यक्षम प्रक्रिया आणि तिची यथाकाल समाप्ती.

मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींचे संपादन करण्याविषयीच्या १९८६ च्या दुरुस्तीला इमारतमालकांच्या संघटनेने आव्हान दिले होते. या प्रकरणातील सांविधानिक प्रश्नावर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही अनुच्छेद ३९ (ख) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. तिचे स्वरूप, दुर्मिळता, समाजहितावरील परिणाम इत्यादींचा विचार करून ते ठरवावे लागते, असे बहुमताने सांगण्यात आले.

मूल्यमापन : संपादनाचा अधिकार नसता तर कालवे, लोहमार्ग व पाणीपुरवठा योजना एखाद्या मालकाच्या नकारावर अडून राहिल्या असत्या, आणि जमीन कसणाऱ्यांकडे तिची मालकी देणाऱ्या सुधारणाही अशक्य झाल्या असत्या. त्यामुळे हा अधिकार असावा की नसावा, हा वादाचा विषय नाही. मर्यादांचा इतिहास पाहता मात्र एक क्रम स्पष्ट दिसतो. प्रथम कायद्याची अट आली, मग भरपाईची, त्यानंतर सुनावणीची व सर्वांत शेवटी संमतीची. यांतील प्रत्येक अट केवळ न्यायालयात सिद्ध झालेली नसून, बहुधा कोणीतरी आपली जागा सोडण्यास नकार दिल्यानंतर कायद्यात आली आहे. मोबदल्याचे दर वाढल्याने संपादन सुसह्य होते; परंतु प्रयोजन खरोखरच सार्वजनिक आहे की नाही, याचा निर्णय बाधितांना विचारल्याखेरीज झाला, तर वाढीव मोबदलाही न्यायाची जागा घेऊ शकत नाही. चंद्रापीडाच्या अधिकाऱ्यांनी न विचारलेला प्रश्न आजच्या कायद्याने विचारावयास लावला आहे. तो किती प्रामाणिकपणे विचारला जातो, यावरच या अधिकाराची नैतिक वैधता अवलंबून राहील.